बहात्तर अंश, पंधरा सेकंद

मल्लिकार्जुन शिंत्रे यांनी चौतीस वर्षे जिवाणू मारण्याचे काम केले, आणि ते इतके चोख केले की त्यांच्या हाताखालून गेलेल्या दुधाने गडहिंग्लज तालुक्यात कोणाचे पोट बिघडल्याची नोंद नाही. दूध संघाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून त्यांचा एकच मंत्र होता: बहात्तर अंश, पंधरा सेकंद. दूध एवढे तापवले आणि लगेच थंड केले की रोगजंतू मरतात, दूध मात्र दूधच राहते. एका संचालकाच्या मेहुण्याचा टँकर त्यांनी एकदा फाटकातूनच परत धाडला होता. त्यानंतर त्यांना बढती मिळाली नाही, आणि त्याची त्यांनी कधी कुरकुरही केली नाही.

असा माणूस निवृत्तीनंतर मासे पाळायचे ठरवतो तेव्हा तो आधी मासे पाहत नाही, यंत्रसामग्री पाहतो. सन २०४३च्या डिसेंबरात शिंत्रे वही घेऊन रेहाना मुजावरच्या दुकानात शिरले. रेहाना तिशीची, मत्स्यविज्ञानाची पदवीधर, आणि गिऱ्हाईक चुकीची वस्तू मागू लागले तर ती न देण्याबद्दल प्रसिद्ध.

"काका, पहिलीच टाकी ना? केवढी?"

"आठ फूट बाय दोन बाय दोन. नऊशे सहा लिटर."

"वरचे सहा कशाला मोजताय? वाळू घातली की जातीलच ते."

"जाण्याआधी मोजलेले बरे."

वहीत सगळे मांडलेले होते. पाणी, काच आणि वाळू मिळून वजन बाराशे किलो. म्हणून लोखंडी चौकट, आणि तिच्याखाली पाणसळ लावून समतल केलेली फरशी. काच पंधरा मिलिमीटर. तासाला सगळे पाणी पाचदा फिरले पाहिजे. म्हणून साडेचार हजार लिटरांचा एक मोठा फिल्टर. तीनशे वॉटचे दोन हीटर.

"हीटर खोडा," रेहाना म्हणाली. "डेनिसन बार्ब ठेवणार म्हणालात ना फोनवर? केरळातल्या डोंगरी ओढ्यातला मासा आहे तो. त्याला गार आणि पळतं पाणी लागतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये तुम्ही हीटर लावलात तर माशांचा रस्सा होईल. पाण्यावर वारा घालणारा पंखा घ्या. आणि एका मोठ्या फिल्टरऐवजी दोन मध्यम. एक बंद पडला तर दुसरा चालू राहतो."

शिंत्र्यांनी हीटर खोडले. दोन फिल्टरांची कल्पना त्यांना मनापासून आवडली. प्रयोगशाळेतही ते प्रत्येक नमुना दोनदा तपासत. पुढच्या ओळीवर मात्र दोघे अडले. तिथे लिहिले होते: अतिनील दिवा, पाणी निर्जंतुक करण्यासाठी.

"हा कशाला? त्यापेक्षा माशांचा ताण मोजायला जो सक्तीचा ताणमापी लावावा लागतो ना, त्याला जोडायचा अमोनियाचा प्रोब घ्या. पहिल्या टाकीत तोच खरा उपयोगाचा."

"पाणी स्वच्छ असेल तर अमोनिया येईल कुठून?"

"माशातून. तो कल्ल्यांवाटे सारखा अमोनिया सोडतो. अमोनिया म्हणजे विष. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, आणि ते बरंचसं निरुपद्रवी. हे दोन्ही फिल्टरच्या स्पंजाला चिकटून राहतात. म्हणजे फिल्टर हे जिवाणूंचं घर..."

"जिवाणूंबद्दल मला नको सांगूस, पोरी," शिंत्रे प्रेमाने म्हणाले.

रेहानाने हात जोडले, नाइलाजाने दिवा बांधून दिला आणि मागच्या टाकीतून एक तपकिरी, बुळबुळीत स्पंज काढून पिशवीत घातला. "हा तरी न्या. नव्या फिल्टरमध्ये तसाच ठेवा. चार आठवड्यांनी मासे सोडा."

पिशवीला तळ्याकाठच्या चिखलाचा वास येत होता. शिंत्र्यांनी ती घरी नेली, गच्चीवर पाणी तापवले, तापमापी लावला आणि स्पंज बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद बुडवून काढला. मग तो नव्या फिल्टरमध्ये अगदी तसाच ठेवला. ज्ञान त्यांच्या डोक्यात होते. हात अजून दूध संघातच होते.

*

टाकी हॉलच्या लांब भिंतीला लागली, ती एका अटीवर. अट गिरिजाबाईंची होती. त्या निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका. गळ्यात अजूनही शिट्टी असे आणि ती ऐकून गल्लीतली कुत्रीसुद्धा रांगेत येत. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या पटांगणावर सौर पत्रे चढले आणि दहा-दहा फुटांवर खांब आले. खांबांमधून लेझमीची रांग वळवता येत नाही. तेव्हापासून त्यांचे हिरण्यकेशी लेझीम पथक, चाळिशी ओलांडलेल्या बारा बायका, दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाच ते सहा शिंत्र्यांच्या हॉलमध्ये सराव करी. जिल्हा स्पर्धा मार्चअखेर होती.

"मासे ठेवा, मगर ठेवा," गिरिजाबाई म्हणाल्या होत्या, "पण मंगळवार-शुक्रवार हॉल माझा."

"मान्य."

"आणि तुम्ही हलगी वाजवायला बसलात तर ते स्पीकरचं भूत बंद करता येईल. तालमीत वाजवायचात की."

"ते लग्नाआधी."

"म्हणून तर लग्न केलं."

यावर शिंत्रे वर्तमानपत्र घेऊन गच्चीवर जात. दोन वर्षे लेझमीच्या वेळी ते गच्चीवरच असत. आता वर्तमानपत्राऐवजी त्यांच्या हातात फिल्टरचे दोन डबे असत. दोन्ही बंद करायचे, वर न्यायचे, स्पंज आणि चिनी मातीच्या नळ्या गरम पाण्यातून काढायच्या, शेवटी क्लोरीनच्या पाण्यात खळबळून पुन्हा धुवायच्या. दूध संघात गाळणी दर पाळीला धुतली जाई. इथे आठवड्यातून दोनदा म्हणजे त्यांना हलगर्जीच वाटत होती. गाळणी म्हणजे गाळणी. रेहानाने दिलेली जिवाणूंची बाटलीही ते दर रविवारी इमानदारीने पाण्यात ओतत. जे पाण्यात तरंगत, त्यांना अतिनील दिवा मारी. जे स्पंजाला चिकटत, त्यांना मंगळवारी शिंत्रे.

चार आठवड्यांनी अठरा डेनिसन बार्ब आले: बोटाएवढे, चंदेरी, डोळ्यापासून निघालेली लाल रेघ आणि तिच्याखाली काळी. सगळे मिळून प्रवाहाविरुद्ध पोहत आणि टाकीच्या टोकाला एकदम वळत.

"बघा," गिरिजाबाई पथकाला म्हणाल्या, "शिट्टी न मारता वळतायत. शिका काही."

*

पाचशे लिटरांवरच्या प्रत्येक घरगुती टाकीला ताणमापी सक्तीचा झाला, त्याला तेव्हा चार वर्षे झाली होती. यंत्र तळहाताएवढे असते. मासा घाबरला किंवा आजारी पडला की त्याच्या रक्तात कॉर्टिसोल वाढते, माणसाच्या वाढते तसेच, आणि त्यातले थोडे कल्ल्यांवाटे पाण्यात झिरपते. प्रमाण अगदी किरकोळ: लिटरमागे ग्रॅमचा काही अब्जांश. ताणमापीतल्या सोन्याच्या पट्टीवर डीएनएचे आखूड धागे चिकटवलेले असतात. कॉर्टिसोलचा रेणू आला की धागा त्याच्याभोवती दुमडतो आणि पट्टीतून जाणारा प्रवाह बदलतो. तो बदल मोजला की माशाची खुशाली कळते. मासा बोलत नाही, ही तक्रार माणूस हजारो वर्षे करत होता, ती संपली.

मात्र खुशाली कळणे वेगळे आणि तिचे कारण कळणे वेगळे. कारण शोधण्यासाठी यंत्र आपल्याजवळच्या इतर नोंदी पाहते: तापमान, उजेड, आम्लता आणि कंपने. जी नोंद ताणाच्या चढउताराशी जुळेल, तिच्यावर ते बोट ठेवते. जे ते मोजतच नाही, त्याच्यावर त्याला बोट ठेवता येत नाही. हे शिंत्र्यांना ठाऊक असायला हवे होते. अमोनियाच्या प्रोबची जागा त्यांच्या यंत्रावर रिकामी होती आणि तिच्यावर रबरी बूच होते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जलजीव कल्याण मंडळाची नोटीस आली. शिंत्र्यांनी ती दोनदा वाचली आणि गिरिजाबाईंकडे दिली.

"मोठ्यानं वाचा. माझा चष्मा नाही."

"'आपल्या मत्स्यालयातील ताणांक सलग तीन आठवडे मर्यादेबाहेर आहे. संभाव्य कारण: नियतकालिक कंपने, मंगळवार व शुक्रवार, सायंकाळी पाच ते सहा. संभाव्यता एक्याण्णव टक्के. एकवीस दिवसांत कारण दूर करावे, अन्यथा मासे मंडळाच्या ताब्यात घेतले जातील.'"

हॉलमध्ये लेझमी भिंतीला टेकवलेल्या होत्या. गिरिजाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

"म्हणजे मी."

"तू नव्हेस. कंपने."

"बारा बायकांच्या पायांची. एक्याण्णव टक्के."

"पाण्यात आवाज हवेच्या चौपट वेगाने जातो, गिरिजा. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना कंपने टिपणारी रेघ असते. शास्त्रीयदृष्ट्या..."

"शास्त्रीयदृष्ट्या स्पर्धा सहा आठवड्यांवर आली आहे, आणि आम्हाला दुसरी जागा नाही. तुमच्या अठरा माशांसाठी माझ्या बारा बायका बाहेर?"

शिंत्र्यांनी नोटिशीची घडी घातली. मासे त्यांना आवडू लागले होते. त्यांतले चार ते वेगळे ओळखत, ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. मेहुण्याच्या टँकरच्या वेळी निर्णय सोपा होता. तिथे आकडा होता आणि मेहुणा दुसऱ्याचा होता.

शुक्रवारी पथकाला बातमी कळली. सुमन कोरी, पथकातली सगळ्यांत दणकट आणि तोंडाने त्याहून दणकट, काचेला नाक लावून म्हणाली, "काय रं बाबांनो? आमच्याबद्दल तक्रार करायची ती तोंडावर करायची. नोटीस कशाला धाडायची?"

*

शिंत्र्यांनी आलेख छापून भिंतीवर लावला आणि तीन दिवस त्याच्याकडे पाहिले. त्यात एक गोष्ट बसत नव्हती. लेझीम पाचला सुरू होई आणि सहाला संपे. कंपनांनी मासा दचकला तर ताण अर्ध्या तासात चढायला हवा आणि लेझीम थांबली की उतरायला हवा. इथे तो सहापर्यंत जागचा हलत नव्हता, आठच्या सुमारास चढू लागे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शिखर गाठे. धक्का बसल्यावर तीन तासांनी दचकणारा प्राणी त्यांनी पाहिला नव्हता. अपवाद फक्त संघाच्या संचालक मंडळाचा.

"प्रयोग करू," ते म्हणाले. "येत्या मंगळवारी लेझीम दुसरीकडे घ्या. बाकी सगळे नेहमीसारखे ठेवायचे. खाणे, उजेड, सगळे. फक्त एक गोष्ट बदलायची."

"आणि ताण उतरला तर?"

"तर मला वाईट वाटेल."

"मासे जाणार नाहीत म्हणून?"

"लेझीम जाईल म्हणून."

गिरिजाबाईंनी त्यांच्याकडे जरा रोखून पाहिले आणि शिट्टी कपाटात ठेवली.

मंगळवारी पथक सुमनच्या दिराच्या गुऱ्हाळाच्या अंगणात जमले. अंगणात काहिलींचे खड्डे होते. दुसऱ्याच चालीत दोघींचे पाय मुरगळले आणि सव्वापाचला सराव मोडला. त्यामुळे दोन वर्षांत पहिल्यांदाच गिरिजाबाई मंगळवारी साडेपाचला मोकळ्या होत्या. त्या गच्चीवर गेल्या. तिथे त्यांचा नवरा बादलीपुढे बसला होता. एका हातात तापमापी, दुसऱ्यात घड्याळ. चिमट्यात लोंबणारा स्पंज.

"तेरा, चौदा, पंधरा," शिंत्रे म्हणाले आणि स्पंज बाहेर काढला. "तू कशी इतक्यात?"

"अंगण वाकडं होतं. हे काय चाललंय?"

"गाळणी धुतोय."

"बरं," म्हणून गिरिजाबाई खाली गेल्या.

बुधवारी दुपारी आलेखाची रेघ मागच्या आठवड्याइतकीच वर गेली. शिंत्रे तिच्यापुढे बराच वेळ उभे होते. ही गोष्ट घरात त्या क्षणी फक्त त्यांनाच माहीत होती. ते स्वयंपाकघरात गेले.

"लेझीम निर्दोष आहे," ते म्हणाले. "काल एकही पाऊल पडले नाही आणि ताण तेवढाच चढला. यंत्राचा निष्कर्ष चूक आहे. माझा अंदाजही."

गिरिजाबाई दुधाचे पातेले उतरवत होत्या. "मग काल पाच वाजता या घरात दुसरं काय झालं?"

शिंत्र्यांनी नोंदवही आणली. खाणे, उजेड, तापमान, पाणीबदल: सगळे मिनिटासकट लिहिलेले होते. मंगळवारी पाच वाजता काहीच नव्हते. भांडी घासणे ही प्रयोगाची पायरी म्हणून कोणी लिहून ठेवत नाही.

"काही नाही," ते म्हणाले.

"मी पाहिलं की काय झालं ते." गिरिजाबाईंनी दुधाला बोट लावून पाहिले; अजून गरम होते. "ती मुजावरांची मुलगी स्पंजात काय असतं म्हणाली होती? तुम्हीच जेवताना सांगितलं होतंत. मला बारा वर्षांच्या पोरासारखं काय शिकवते म्हणून चिडून."

"जिवाणू. अमोनिया खाणारे."

"चांगले?"

"चांगले."

"हं." त्यांनी विरजणाची वाटी ओट्यावर ठेवली. "लग्न झालं तेव्हा माझं दही कधी लागायचं नाही. तुम्ही मला शिकवलंत. दूध कोमट झाल्याशिवाय विरजण घालायचं नाही, त्यातले जीव मरतात म्हणालात. मग आता सांगा. या वाटीतलं विरजण आधी बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद तापवलं, वर क्लोरीनच्या पाण्यानं धुतलं, आणि मग दुधात घातलं. सकाळी काय मिळेल?"

चौतीस वर्षे विरजणाची खोली शिंत्र्यांच्याच देखरेखीखाली होती. तिचे दार कोणी उघडे टाकले तर ते दोन दिवस त्या माणसाशी बोलत नसत. ते खुर्चीवर बसले आणि थोड्या वेळाने त्यांचे खांदे हलू लागले. गिरिजाबाईंना आधी वाटले नवरा रडतो आहे. तो हसत होता.

"दूध," ते डोळे पुसत म्हणाले. "सकाळी दूधच मिळेल. तेही नासलेले."

*

रेहानाने काचनळीत टाकीचे पाणी घेऊन अमोनिया दाखवणारे थेंब घातले. पाणी पिवळे राहायला हवे होते. ते हिरवे झाले, चांगले पोपटी.

"काका, एवढ्या विषात जगले कसे ते?"

"अठराच आहेत आणि पाणी नऊशे लिटर. शिवाय दर रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदलतो. विष पातळ होत राहिले."

"म्हणजे तुमच्या एका सवयीनं त्यांना मारायला घेतलं आणि दुसरीनं वाचवलं." तिने जुन्या टाकीतून चार स्पंज काढले, पहिल्याहून अधिक बुळबुळीत. "हे तरी..."

"तसेच ठेवीन."

"तापवणार नाही?"

"नाही."

"धुणार नाही?"

"दोन महिने नाही. नंतर धुवायचे झाले तर टाकीतल्याच पाण्यात पिळीन."

"आणि दिवा?"

"तुझ्याकडे परत. त्याच्या जागी तो प्रोब दे." जाता जाता ते वळले. "रेहाना, त्या दिवशी मी तुझे वाक्य तोडले होते. ते पूर्ण कर."

रेहानाने क्षणभर आठवले. "फिल्टर हे जिवाणूंचं घर आहे," ती म्हणाली. "गाळणी नंतर."

शिंत्र्यांनी ते वहीत लिहून घेतले.

नोटिशीचे आठ दिवस तेव्हा उरले होते. पहिले तीन दिवस प्रोबचा आकडा हलला नाही आणि शिंत्रे गच्चीच्या जिन्यापर्यंत दोनदा जाऊन परत आले. बादली गिरिजाबाईंनी कुलपात ठेवली होती. चौथ्या दिवशी अमोनिया निम्म्यावर आला. पाचव्या दिवशी मंगळवार होता. पथक हॉलमध्ये परतले आणि मुद्दाम जोरात नाचले. शिंत्रे, गच्चीवर जाण्याचे कारण न उरल्यामुळे, ताणमापीच्या पडद्यासमोर खुर्ची टाकून बसले. एक तास रेघ सपाट होती.

"बघा, माशांना लेझीम आवडती!" सुमन धापा टाकत म्हणाली.

"असे म्हणता येणार नाही," शिंत्रे म्हणाले. "आकड्यांवरून एवढेच दिसते की त्यांना तुमचे काही वाटत नाही."

"काही वाटत नाही? एवढं घाम गाळून?"

"तुम्ही त्यांच्या दृष्टीने हवामान आहात, सुमनताई."

"बाई, ह्यांना आवरा," सुमन गिरिजाबाईंना म्हणाली. "नुसतं बसून बोलत्यात. त्यांच्या हाताला काय तरी काम द्या."

काम तयारच होते. ते कपाटाच्या वर, जुन्या चादरीत गुंडाळलेले होते, आणि त्याचे चामडे चाळीस वर्षांनी आश्चर्यकारकरीत्या शाबूत होते. शिंत्र्यांनी ते आधी गॅसच्या आचेवर शेकले. तापमापी न लावता.

एकविसाव्या दिवशी ताणांक मर्यादेच्या पुष्कळ खाली होता. मंडळाला उत्तराचा नमुना भरून पाठवायचा होता. शिंत्र्यांनी तो नेहमीच्या नेटक्या अक्षरात भरला. 'ताणाचे कारण' या रकान्यात कंपने, उष्णता, उजेड, आम्लता असे पर्याय होते. त्यांनी 'इतर' वर खूण केली आणि पुढे लिहिले: मालकाची स्वच्छता.

त्याखाली प्रश्न होता: 'कारण दूर केले आहे काय?' इथे मात्र ते थोडे थांबले. हॉलमध्ये शिट्टी वाजली; पाच वाजले होते. त्यांनी घाईने ओळ पूर्ण केली, हॉलमध्ये जाऊन कागद टाकीवर ठेवला आणि ते आपल्या जागी बसले.

गिरिजाबाईंनी सराव संपल्यावर ती ओळ वाचली. तिथे लिहिले होते: कारण घरातच राहते, त्यामुळे दूर करता आले नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी पाच ते सहा त्याच्या हातात हलगी दिली आहे.